हे खरे आहे काय?



डिसेंबर उजाडला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहाटेची थंडी गुडघ्यांत शिरते आणि नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. पहिल्या गोष्टीविषयी आपण मला दरवर्षी विचारता. छातीला काय चोळावे, पहाटे फिरायला जावे की नाही, रक्तदाब थंडीत का वाढतो, असे ते प्रश्न असतात. दुसऱ्या गोष्टीविषयी मात्र मला आजवर कोणी काही विचारलेले नाही. दूरचित्रवाणीवर सभागृहातील गोंधळ दिसू लागला की आपण वाहिनी बदलता. मीही अनेक वर्षे तेच करीत होतो. ही सवय मी का सोडली आणि आपणही ती का सोडावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन विदर्भात भरावे, असे ठरले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्या वर्षीपासून नागपूरच्या अधिवेशनाची परंपरा सुरू झाली. करोनाकाळासारखे काही अपवाद सोडले तर ती आजही चालू आहे. विधानसभेत २८८ सदस्य असतात, तर विधान परिषदेत ७८. आपल्या जिल्ह्यातून गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी-मोरगाव या चार मतदारसंघांचे आमदार विधानसभेत बसतात.

या सभागृहाचा आपल्या औषधाच्या डबीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध अगदी थेट आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे सोपविलेल्या विषयांची जी सूची आहे, तिच्यात सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने हे सहाव्या क्रमांकावर आहेत. दिल्लीहून योजना येतात, निधीही येतो. परंतु आपल्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही आणि गोळ्या पोहोचल्या की नाहीत, याचा जाब विचारण्याचे स्थान राज्याचे विधिमंडळ हेच आहे.

विधानसभेचे कामकाज सहसा सकाळी ११ वाजता सुरू होते आणि त्यातील पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सदस्यांनी बऱ्याच आधी लेखी पाठविलेल्या प्रश्नांपैकी स्वीकारलेले प्रश्न छापील यादीत येतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. मंत्र्यांचे उत्तर अपुरे वाटल्यास अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे मंत्र्यांना पुरेशी माहिती घेऊन पुन्हा यावे लागते. त्यानंतर अहवाल व कागदपत्रे पटलावर ठेवली जातात, लक्षवेधी सूचना येतात, विधेयके मांडली जातात. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्याही येतात. अर्थसंकल्पात धरलेला पैसा कमी पडला की विभागांनी मागितलेली ही जादा रक्कम असते आणि तीत आरोग्य खात्याची मागणीही असू शकते. दिवस लांबला तर रात्रीपर्यंत चर्चा चालते.

या साऱ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रश्नांची छापील यादी. तिची भाषा कित्येक दशकांत फारशी बदललेली नाही. प्रश्न असा असतो: अमुक ठिकाणी अमुक गोष्टीचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरेही ठरलेली असतात. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ वैद्यकाला ही पद्धत परकी वाटत नाही. रुग्णाला आम्ही असेच विचारतो. दुखते का? कधीपासून? काय केले? नसेल केले, तर का नाही?

हे मला उमगले ते एका रुग्णामुळे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. देवरी तालुक्यातील एका गावातून एक आजी माझ्याकडे येत. वय ७१. त्यांचा रक्तदाब बरीच वर्षे आटोक्यात होता, कारण रोजची गोळी त्या नियमाने घेत. ती गोळी त्यांना सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळे. माझ्याकडे त्या गुडघ्यासाठी किंवा खोकल्यासाठी येत. भाद्रपदात त्या एकदा येऊन गेल्या. त्या दिवशी गर्दी होती. खोकल्याचे औषध लिहून त्यांच्या कागदावर मी खाली नेहमीचे वाक्य लिहिले: ‘रक्तदाबाची गोळी चालू ठेवणे.’ रक्तदाब मोजला नाही आणि गोळी मिळते का, हेही विचारले नाही.

दसऱ्याच्या सुमारास त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा त्यांचा उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूस ओढले गेले होते. रात्री झोपतानाच हात जड वाटत होता. सकाळी पाहू, असे त्या म्हणाल्या होत्या. उपचाराचे मोलाचे तास निघून गेले होते. मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले, दवाखान्यात गोयाच नाई भेटल्या. पुढच्या आठवड्यात येतीन म्हनत. माय अर्धी गोयी खात होती.’’

अर्ध्या गोळीने रक्तदाब अर्धा उतरत नाही. तो वाढत राहतो आणि वाढताना बहुधा काहीच जाणवत नाही. ती गोळी बाहेरच्या दुकानात फार महाग नव्हती. पण दर आठवड्याला ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर ऐकणारा माणूस विकत घेणे पुढे ढकलतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते. आजींना पुढे पाठवण्याची व्यवस्था केल्यावर मुलाने विचारले, ‘‘हे विचारावं कोनाले?’’ तीस वर्षे व्यवसाय करूनही मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही.

मग मी शोध घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असते आणि त्याचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतो. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधीन असते. गोंदियाच्या कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालयाशी २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. महाविद्यालय अधिष्ठात्यांच्या हाती असते आणि त्याचे खातेही वेगळे, वैद्यकीय शिक्षणाचे. चुकीच्या दारावर दिलेला अर्ज फिरत राहतो, तो यामुळेच. योग्य दार कळल्यावर मी एक पान लिहिले. त्यात कोणत्या केंद्रात, कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून नाही, एवढेच होते. आजींचे नाव दिले नाही आणि कोणावर आरोपही केला नाही. एक प्रत जिल्ह्याला दिली, दुसरी एका आमदारांच्या कार्यालयात.

डिसेंबरात निरोप आला की औषध तुटवड्याचा प्रश्न तारांकित यादीत आला आहे. प्रेक्षक कक्षाची प्रवेशिका मिळाली. मुलगा येऊ शकला नाही, त्याच्याकडे धानाची चुरणी चालू होती. मी सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. आपल्याकडचा माणूस नागपूरला एरवी ‘मेडिकल’मध्ये रुग्ण घेऊन जातो, नाही तर उच्च न्यायालयात. विधान भवनात मी प्रथमच पाऊल टाकत होतो. भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागला.

तासाभरात मोजकेच प्रश्न झाले. एका प्रश्नावर घोषणा झाल्या, कामकाज काही मिनिटे थांबले. दुसऱ्या एका प्रश्नावर मात्र चार-पाच सदस्यांनी पक्षभेद विसरून मंत्र्यांना नेमके उपप्रश्न विचारले आणि मंत्र्यांना तारखेसह शब्द द्यावा लागला. दूरचित्रवाणीवर हे क्वचित दिसते. आमचा प्रश्न यादीत बराच खाली होता. घड्याळाचा काटा फिरला, तास संपला आणि तो पुकारलाच गेला नाही.

मी खिन्न होऊन बाहेर पडलो. संध्याकाळी आमदारांच्या सहायकाने छापील कागद हाती दिला. जे प्रश्न वेळेअभावी होत नाहीत, त्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवलेली मानली जातात, हे मला तेव्हा समजले. उत्तर होते: ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढे लिहिले होते की पुरवठ्यास विलंब झाल्यास स्थानिक स्तरावर औषध खरेदी करण्याच्या सूचना संस्थांना दिलेल्या आहेत.

ते एक वाक्य पुरेसे ठरले. तो कागद घेऊन मी आरोग्य केंद्रात गेलो. तेथील वैद्यकीय अधिकारी तरुण होते, कामाने दमलेले होते आणि मनाने भले होते. स्थानिक खरेदी केली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, ही त्यांची भीती होती. छापील उत्तर पाहिल्यावर त्यांनी रुग्ण कल्याण समितीपुढे विषय ठेवला आणि संक्रांतीच्या आत गोळ्या आल्या. त्या केंद्रावरून गोळी नेणारे बाकीचे वृद्ध पुन्हा पूर्ण गोळी घेऊ लागले. आजींचा उजवा हात मात्र पूर्ववत झाला नाही. त्या डाव्या हाताने जेवायला शिकल्या. त्यांच्या कागदावर आता मी ‘गोळी चालू ठेवणे’ असे लिहीत नाही. ‘गोळ्या किती उरल्या?’ असे विचारतो आणि आकडा लिहितो. त्या दोन महिन्यांच्या तुटवड्यात सरकारी विलंब होता, हे खरे. त्यात माझाही वाटा होता, हेही खरे.

आता आपण काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुटवडा असो वा नसो, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा फिट्स यांची गोळी मनाने अर्धी करू नका, बंद करू नका. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की घरच्यांना सांगा. केंद्रात मिळाली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. त्याच घटकाची स्वस्त गोळी सुचविता येते. घरात काळजी घेणाऱ्यांनी दर रविवारी डबीतल्या गोळ्या मोजाव्यात.

दुसरी गोष्ट, तोंड वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णास साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो.

तिसरी गोष्ट, एक वही ठेवा. कोणत्या दिवशी गेलो, कोणते औषध मिळाले नाही, काय उत्तर मिळाले, एवढे तिच्यात लिहा. दोन फेऱ्यांनंतर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. तेथेही काम झाले नाही तर आपल्या आमदारांच्या कार्यालयात एक पान द्या, अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे तर दोन-तीन महिने आधी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साठ्याच्या नोंदी मागता येतात आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे पाहणारी आश्वासन समितीही विधिमंडळात असते. म्हणून मंत्र्यांनी दिलेला शब्द तारखेसह वहीत उतरवून ठेवा आणि पुढल्या अर्जात त्याचा उल्लेख करा.

चौथी गोष्ट, जाहीर झालेले हक्क ठाऊक असू द्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नव्हती. ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आले असून त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. ही कार्डे आजारी पडण्याआधी काढून ठेवावीत.

यंदा अधिवेशन सुरू झाले की अंगावर शाल घेऊन पहिला तास अवश्य पाहा. गोंधळ होईल, तो सोसा. मंत्री काय मान्य करतात, तेवढे वहीत टिपा. आणि सभागृहातील तो जुना प्रश्न आपल्या घरीही विचारा. आई, गोळी रोज घेतेस, हे खरे आहे काय? उत्तर ‘अंशतः खरे’ असेल, तर त्याच दिवशी मला येऊन सांगा.