भरली की गप्प, रिकामी की घुर्रर्र

पिकअपच्या भाड्यावर ज्यांचं घर चालतं, त्या घरातल्या पोरांना गाडीचा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की अंथरुणात पडल्या पडल्या कळतं, आपलीच आली. आणि त्या ओळखीच्या आवाजात एखादा परका आवाज मिसळला, की तो पहिल्यांदा ऐकू येतो तो घरच्यांनाच.

परतूरच्या एका मित्राच्या घरी हेच झालं. गाडी चौदा वर्षांची. सीझनला मोंढ्यात सोयाबीन, तूर, कापूस; एरवी जालन्याहून सळई, सिमेंट, पत्रे, जे मिळेल ते भाडं. वडील म्हणजे अण्णा स्वतः गाडी चालवतात. मित्र संभाजीनगरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘तू इंजिनिअर होणारैस ना? मग सांग बरं हिला काय झालंय.’’

झालं होतं असं. ४० च्या पुढे काटा गेला की सीटखालून घुर्रर्र सुरू. ५० ला पायाच्या तळव्याला झिणझिण्या. ६० ला आरसा असा थरथरायचा की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नव्हता. आता यातली खरी गंमत ऐका. हे सगळं फक्त गाडी रिकामी असताना. जालन्याला जाताना घुर्रर्र, येताना हौद्यात सळई भरली की गप्प. अण्णांनी तर त्यावर विनोदही करून ठेवला होता, ‘‘काम दिलं की कुरकुर बंद. पोरांपेक्षा बरी.’’

पण विनोदाच्या मागे हिशेब होता. दोन महिन्यांत तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एक म्हणाला टायर. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून पाहिले, आवाज तसाच. दुसरा म्हणाला चाकाचं बेअरिंग. जॅकवर चाक उचललं, हाताने फिरवलं, वर-खाली धरून हलवलं. ना खरखर, ना ढिलेपणा. तिसऱ्याने सरळ सांगितलं, हाउसिंग खोला, क्राऊन-पिनियन गेलंय. त्याचा खर्च पाच आकडी. घरात तेवढे पैसे होते, नाही असं नाही. पण ते पुढच्या सेमिस्टरच्या फीचे आणि हॉस्टेलचे होते. अण्णांचं म्हणणं, गाडी चालली तर फी निघेल, म्हणून आधी गाडी. आईचं म्हणणं, गाडी विका, पण फी भरा. त्यात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, ती तारीखही जवळ आलेली. म्हणजे आवाज गाडीत होता आणि भांडण घरात.

मित्राने एकच अट घातली. ‘‘अण्णा, दोन दिवस द्या. तोपर्यंत काहीच खोलायचं नाही.’’

आवाज कुठून येतो हे कानाने का कळत नाही, हा प्रश्न आधी. बारीक, चिरका आवाज असला की आपण डोळे मिटूनही बोट दाखवू शकतो. घुमणाऱ्या जाड आवाजाचं तसं नसतं. सेकंदाला ५० कंपनं असलेल्या आवाजाच्या लाटेची हवेतली लांबी साडेसहा-सात मीटर भरते. पिकअपची केबिन त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. म्हणजे अख्खी केबिनच त्या आवाजात बुडालेली असते, ड्रायव्हरला वाटतं मागून येतोय, क्लीनरला वाटतं खालून. शिवाय चासी लोखंडाची. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात जवळपास ५००० मीटर. मागच्या चाकाजवळ काही हललं की ते त्याच क्षणी डॅशबोर्डवर हजर. म्हणून मुरलेला मिस्त्री कानावर नाही, प्रश्नांवर भरवसा ठेवतो. कधी येतो? कधी जातो? काय केल्यावर बदलतो?

मित्राने हेच प्रश्न वहीत लिहून काढले आणि सकाळी सातला, रस्ता मोकळा असताना, रिकामी गाडी वाटूर फाट्याच्या दिशेने काढली. अण्णा स्टिअरिंगवर, हा शेजारी.

पहिली परीक्षा: गाडी उभी ठेवून इंजिन रेस केलं. आवाज नाही. दुसरी: ५० चा वेग चौथ्या गिअरमध्ये, मग तोच वेग तिसऱ्यामध्ये. इंजिनचे फेरे वाढले, घुर्रर्र जशीच्या तशी. तिसरी: ५५ वर गाडी न्यूट्रल करून नुसती धावू दिली. (इंजिन चालूच ठेवून हं. बंद केलं तर ब्रेकची मदत जाते, पायाखाली दगड लागतो.) आवाज आहेच. एवढ्यात इंजिन, क्लच, सायलेन्सर, फॅन बेल्ट हे सगळे सुटले. त्यांचा संबंध इंजिनच्या फेऱ्यांशी, आणि हा आवाज फक्त गाडीच्या वेगाला बांधलेला. चौथी: मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं आणि डावीकडचं खराब बेअरिंग ओरडतं. उलट वळलं की गप्प बसतं. इथे काही फरक नाही. पाचवी: गुळगुळीत डांबर सोडून खडबडीत पट्ट्यावर घेतली. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, हा बदलला नाही.

उरलं काय? गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतची फिरणारी साखळी. म्हणजे लांब शाफ्ट, त्याचे क्रॉस, मधलं बेअरिंग आणि तेच ते हाउसिंग, ज्यात फी जाणार होती.

इथे मोबाइल कामाला आला. आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो, स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्याच जिवावर. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे. ते या सेन्सरचे आकडे घेऊन सेकंदाला किती कंपनं होतायत याचा आलेख काढतं. भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स घरबसल्या करता यावीत म्हणून केलेलं ॲप. ते परतूर-वाटूर रस्त्यावर पिकअपच्या सीटच्या लोखंडी पट्टीला चिकटपट्टीने बांधलं जाईल, असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसेल. ५० च्या वेगाला आलेखात एक सुळका उभा राहिला: ५२ च्या आसपास. ४० वर आणल्यावर तो सरकून ४१-४२ वर आला.

आता ५२ म्हणजे कोण? त्यासाठी फक्त दोरा, खडू आणि शाळेतलं गणित लागलं. मागच्या टायरला दोरा गुंडाळून घेर मोजला, २ मीटर २० सेंटिमीटर. ५० किलोमीटर ताशी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला ६.३ फेरे. मग सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी हळूहळू ढकलली, चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण. चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडंसं. म्हणजे शाफ्ट सेकंदाला २६ वेळा फिरतोय.

टायर वेडावाकडा असता तर सुळका ६ च्या जवळ दिसला असता. शाफ्ट वाकलेला किंवा तोल गेलेला असता तर २६ वर. क्राऊन-पिनियन वाजत असतं तर पिनियनचा प्रत्येक दात बोलला असता. दात साधारण दहा धरले तरी २६० च्या घरात, तो तर याहून बराच चढा आवाज. इथे सुळका ५२ वर होता. बरोब्बर २६ च्या दुप्पट. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा काहीतरी होत होतं.

दोनदा काय होतं, ते मात्र याला आठवेना. वही घेऊन तो स्टेशनकडच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेला. या चाचांकडे गाडी आधी दाखवली नव्हती, कारण ते आता फक्त ट्रॅक्टरची कामं घेतात. चाचांनी वहीकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, ‘‘बेटा, क्रॉस कधी बदलला?’’

उन्हाळ्यात, लांबच्या भाड्यावर असताना रस्त्यातच कुठेतरी बदलून घेतला होता. आवाज त्यानंतरचा. पण लगेचचा नाही, कारण पुढचे पंधरा दिवस गाडी दोन्ही बाजूंनी भरलेलीच पळत होती! म्हणून कुणाच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ बसलीच नव्हती.

चाचा चटई टाकून गाडीखाली गेले. चाकांना दगडांची ओट, गाडी जमिनीवरच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला ते गॅरेजमध्ये उभं करत नाहीत. अर्ध्या मिनिटात खालून आवाज आला, ‘‘अरे, हे कोणी बसवलं असं? इकडे ये, बघ. दोन कान समोरासमोर आहेत का?’’

नव्हते. शाफ्टच्या दोन टोकांना क्रॉस धरणारे दुबेळक्यासारखे दोन कान असतात. मागच्या टोकाचे आणि पुढच्या टोकाचे कान एका रेषेत हवेत. शाफ्टचे दोन भाग दातऱ्यांनी एकमेकांत सरकून बसतात, त्यामुळे काम झाल्यावर घाईत एखादा दात चुकला तरी शाफ्ट आरामात बसतो, बोल्ट आवळले जातात, गाडी चालतेही. फक्त कान तिरके राहतात.

आणि मित्राची ट्यूब पेटली. हूक्स जॉइंट! ‘थिअरी ऑफ मशिन्स’च्या पेपरला सूत्र पाठ करून आलेला, मार्कही मिळालेले. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्यावर लिहिलं ते सूर्याकडे पाहायच्या उपकरणांच्या निमित्ताने. त्याच्याही आधीच्या इटलीच्या कार्डानोचं नाव या सांध्याला अजून चिकटलेलं आहे. या सांध्याची खोड अशी, की शाफ्ट सरळ रेषेत नसेल तर इकडून एकसारखा वेग दिला तरी पलीकडे तो एकसारखा निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जरा पुढे पळतो, दोनदा जरा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे. ऐकायला किरकोळ, पण सेकंदाला २६ फेरे फिरणाऱ्या लोखंडाला तो हिसकाच. म्हणून तर दोन सांधे लावतात. पहिल्याने केलेली गडबड दुसरा उलटी करून पुसून टाकतो. अट एकच, दोघांचे कान एका रेषेत हवेत. ते तिरके झाले की पुसलं जात नाही, उरतं. फेऱ्यात दोनदा.

आणि भरल्यावर गप्प का? रिकाम्या गाडीत मागचे पाटे कमानीसारखे ताणलेले असतात, हौदा वर, हाउसिंग खाली, शाफ्ट जास्त तिरका. सळई टाकली की पाटे दबतात, शाफ्ट सरळ होत जातो. कोन अर्धा झाला की ती गडबड अर्धी होत नाही, जवळपास चौथा हिस्सा उरते. आवाज गेल्यासारखा वाटतो. जात नाही, फक्त ऐकू येईनासा होतो.

चाचांना हे सूत्र माहीत नव्हतं. त्यांना एवढं माहीत होतं की कान तिरके असले की गाडी रिकामी असताना नाचते, आणि हे असंच चालू राहिलं तर आधी क्रॉस जातो, मग मधलं बेअरिंग, आणि एखाद्या दिवशी शाफ्ट सुटून पुढचं टोक रस्त्यात रुततं. असे रुतलेले दोन शाफ्ट त्यांनी पाहिलेत. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, असं मित्र म्हणाला. हाच धागा मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यांत अस्वस्थ करणारा वाटतो. दोन महिने अण्णा ती गाडी घेऊन, रोज, घाटाचे नसले तरी भरधाव रस्ते कापत होते.

काम तासाभराचं होतं. शाफ्ट उतरवला, दातऱ्या पुसल्या, ग्रीस भरलं, एक दात फिरवून कान समोरासमोर आणले. क्रॉस हाताने हलवून पाहिला, एका बाजूला जरा अडकत होता, तो नवा टाकला. नव्या क्रॉससकट बिल हजार-बाराशेच्या आतबाहेर. मग रिकामी गाडी पुन्हा वाटूरच्या रस्त्याला. ५०, ५५, ६०. आलेखातला ५२ चा सुळका बसला, तिथे आता नुसतं गवतासारखं काहीतरी. आरशात मागच्या गाडीचा नंबर स्पष्ट. सगळ्या गोंगाटात इतके दिवस दबलेला एक आवाज मात्र आता ऐकू यायला लागला: मागच्या फाळक्याची कडी, खड्ड्यागणिक टणक् टणक्. अण्णांनी तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

हाउसिंग खोललं नाही. फी भरली गेली.

तुमच्या घरची गाडी पिकअप नसेल, मोटारसायकल असेल, बापाचा ट्रॅक्टर असेल, तरी प्रश्न तेच लागू. सकाळी पहिल्या स्टार्टला चिरचिर करून बंद होणारा आवाज बहुधा बेल्टचा. गिअर टाकून गाडी हलवताना एकच ‘टक’ आला तर क्रॉस बघा. ब्रेक दाबल्यावर घासल्यासारखा आला तर तो मात्र प्रश्नोत्तरांचा विषय नाही, त्याच दिवशी दाखवा. आणि फोन हातात धरून हे प्रयोग गाडी चालवणाऱ्याने करायचे नाहीत, शेजारी बसलेल्याने करायचे. मिस्त्रीकडे जाताना ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. कितीच्या वेगाला, भरलेली असताना की रिकामी, न्यूट्रलमध्ये राहतो की जातो, आणि आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीत शेवटचं काय काम झालं होतं, हे सांगा. चाचांना तो शेवटचा प्रश्न पुरला.

गाडी सोडण्याआधी चाचांनी एक काम आणखी केलं. पांढऱ्या रंगाचा डबा आणून शाफ्टच्या दोन्ही भागांवर, जिथे ते एकमेकांत जातात तिथे, अंगठ्याएवढा एकेक ठिपका दिला. दोन्ही ठिपके समोरासमोर. पुढच्या वेळी कुठल्या रस्त्यावर, कोण शाफ्ट खोलेल, त्याच्यासाठी.