कोल्हापूरचा समुद्रदेव

समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, पंचगंगेच्या काठी वसलेल्या करवीरनगरीत ग्रीकांच्या समुद्रदेवतेचे दर्शन घडावे, हे प्रथम ऐकणाऱ्यास विस्मयकारक वाटते. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात उभ्या राहिलेल्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात वीतभरही उंच नसलेली, दाढीधारी, दिगंबर अशी ती पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. 1944 साली कोल्हापुरातीलच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर प्रा. कुंदनगार यांना जो कांस्यवस्तूंचा संचय सापडला, त्यातली ही मूर्ती. पुढे 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले.

परंतु ही मूर्ती घाटावर चढली कशी, याचा उलगडा कोकणच्या बंदरांत शोधावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा, कल्याण, चौल इत्यादी बंदरांचा उल्लेख आहे. इजिप्तहून जुलैच्या सुमारास सुटलेले गलबत नैर्ऋत्य वाऱ्याच्या बळावर सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यास लागे, आणि परतीचा ईशान्य वारा सुटेपर्यंत त्यास येथे मुक्काम करणे प्राप्तच होते. या सक्तीच्या मुक्कामात नाखुद्यास उसंत थोडीच मिळत असणार. आश्विनातल्या दमट उन्हात गोड्या पाण्याची सोय पाहणे, फाटकी शिडे शिवून घेणे, झिजलेल्या दोरखंडांच्या जागी नवे दोर विकत घेणे, खलाशांचा परतीचा शिधा भरणे, दुभाष्यामार्फत दर ठरविणे आणि अंमलदाराकडे जकातीचा निकाल लावणे, ही सारी कामे वारा पालटण्यापूर्वी उरकलीच पाहिजेत. मद्य, तांबे, कथील, पोवळे उतरवून सुती वस्त्रे, हस्तिदंत, मिरी भरावयाची. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात, अशी रोमन ग्रंथकार प्लिनीने केलेली तक्रार याच व्यवहाराबद्दलची होय.

बंदरातील हे महिनेच माझ्या मते या मूर्तीचे खरे चरित्र आहे. जहाज नुसते माल टाकून निघून गेले असते, तर पोसायडन किनाऱ्यावरच राहता. मुक्काम लांबला म्हणून घाटमाथ्यावरच्या व्यापाऱ्यांना खाली उतरण्यास, सौदा करण्यास आणि बैलांच्या पाठीवर माल लादून वर नेण्यास अवधी मिळाला. अंबा, फोंडा, गगनबावडा या घाटवाटांनी कोकण आणि कोल्हापूर यांचे दळणवळण पुढेही चालूच राहिले; 1812 च्या तहाने मालवण इंग्रजांकडे जाईपर्यंत तर करवीर राज्याचे स्वतःचे बंदर होते.

अंबाबाईच्या दर्शनास येणारा यात्रेकरू रंकाळ्यावर संध्याकाळ घालवितो, पन्हाळा पाहतो, आणि मंदिरापासून फार दूर नसलेला टाउन हॉल मात्र बहुधा त्याच्या कार्यक्रमात नसतो. ही उपेक्षा मला सलते. वाचकहो, पुढच्या खेपेस कोल्हापुरी याल तेव्हा एक तास या वस्तुसंग्रहालयासाठी अवश्य राखून ठेवा, आणि बरोबर मुलांना आणा.