वखारीतले नजरतारण

बँकेच्या कारभारात नजरतारण असा एक शब्द आहे. परिपत्रकांच्या रुक्ष भाषेत इतका सुरेख शब्द कसा टिकून राहिला, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. मालतारणात माल गुदामात, गुदामाला बँकेचे कुलूप आणि किल्ली बँकेच्या तिजोरीत. नजरतारणात तसे नाही. माल व्यापाऱ्याच्याच ताब्यात राहतो, बँकेने अधूनमधून जाऊन त्यावर नजर टाकायची. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी दोन्ही प्रकार हाताळले आणि दोन्हींत ठेचा खाल्ल्या. त्यातली एक ठेच चित्रकलेच्या प्रदर्शनात पुन्हा दुखेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

१९९० साली माझी बदली एर्नाकुलमला झाली. कोचीनचे कोची अजून व्हायचे होते. शाखेची बरीचशी कर्जे मसाल्याच्या व्यापाऱ्यांना दिलेली. त्यामुळे महिन्यातून दोनदा बोटीने मट्टांचेरीला जायचे आणि वखारींमधली पोती मोजायची, हे माझे काम. मिरी, सुंठ, हळद. बाजाराच्या त्या अरुंद गल्लीत शिरले की नाक आधी पोहोचायचे, आपण मागाहून. संध्याकाळी घरी आल्यावर बायको शर्ट हुंगून सांगायची, आज सुंठ होती वाटते.

त्यातल्या एका वखारीवर बँकेचे कुलूप होते आणि दाराशी बँकेने कंत्राटावर नेमलेला पहारेकरी होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णा कुडुंबी समाजाचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातून परागंदा होऊन केरळात उतरलेले हे लोक घरात अजून कोकणी बोलतात. मी मालवणचा. त्याची कोकणी आणि माझी मालवणी यांचे बऱ्यापैकी जुळायचे. त्या परमुलखात आपल्या वळणाचे चार शब्द ऐकायला मिळत, म्हणून मी त्या वखारीत गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळत असे.

१९९१ च्या पावसाळ्यात मी तपासणीला गेलो. छतापर्यंत थप्पी लागलेली. लांबीची पोती, रुंदीची पोती, उंचीची पोती, गुणाकार करायचा आणि सही ठोकायची, ही आमची पद्धत. नियमाप्रमाणे शिडी लावून वर चढायला हवे होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि शेवटची बोट चुकायची भीती होती. अण्णा म्हणाला, "सायबा, वरून एकदा बघा." मी म्हटले, "पुढच्या खेपेला." आणि सही केली.

पुढची खेप माझ्या साहेबांची झाली. ते वर चढले. थप्पी चारी बाजूंनी भक्कम आणि मधोमध विहीर. बँकेचे कुलूप असताना पोती गेली कशी, हा पुढे चौकशीचा विषय झाला. मला मेमो मिळाला. त्याच्या उत्तरात मी एक वाक्य लिहिले : 'पहारेकऱ्याने कोणतीही कल्पना दिली नाही.' माझी एक वेतनवाढ रोखली गेली. अण्णाची नोकरी गेली.

२००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पूर्णवेळ लिहू लागलो. एका कादंबरीत ती वखार आली, पाऊस आला, अण्णाही आला. ते वाक्य तेवढे मी गाळले.

कोचीच्या बिनालेबद्दल वर्तमानपत्रांत वाचत होतोच. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन. व्हेनिसने ही चाल १८९५ मध्ये पाडली. आपल्याकडे २०१० साली कोची बिनाले फाउंडेशन हा न्यास स्थापन झाला आणि १२ डिसेंबर २०१२ रोजी पहिले कोची-मुझिरिस बिनाले उघडले. बारा, बारा, बारा. मुहूर्ताच्या बाबतीत आधुनिक चित्रकारही आपल्यासारखेच, हे पाहून बरे वाटले. मुझिरिस हे जवळचे प्राचीन बंदर. १३४१ च्या महापुरात ते बुजले आणि त्याच पुराने कोचीचे बंदर खुले केले, असे मानतात. न्यासाचे दोन्ही संस्थापक, बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू, जन्माने केरळचे, पण शिकले आपल्या जे. जे. स्कूलमध्ये आणि नावारूपाला आले मुंबईत. २०१४ च्या बिनालेची मांडणी जितीश कल्लाट यांनी केली, २०१६ ची सुदर्शन शेट्टी यांनी. हे दोघेही जे. जे.चेच. पण मला कोचीला खेचून नेले ते कलेने नव्हे, पत्त्याने. प्रदर्शन भरत होते वखारींमध्ये!

जानेवारी २०१७ मध्ये आम्ही दोघे गेलो. फोर्ट कोचीत समुद्राला लागून अ‍ॅस्पिनवॉल हाउस आहे. जॉन अ‍ॅस्पिनवॉल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये काढलेल्या कंपनीची ही पेढी. खोबरेल, मिरी, आले, हळद, काथ्या येथून परदेशी जाई. आता त्या लांबलचक खोल्यांत पडदे, ध्वनी, शिल्पे, चित्रे. शाळेच्या सहली, परदेशी पाहुणे, मुंडू सावरत फिरणारे म्हातारे, कडेवर मूल घेतलेल्या बायका. एवढी सरमिसळ मी मुंबईतल्या एकाही कलादालनात पाहिलेली नाही. आपल्याकडे दालनाचे काचेचे दार ढकलण्याआधीच मध्यमवर्गीय माणूस चपला झटकतो आणि आत गेल्यावर आवाज खाली आणतो. येथे लोक मोठ्याने विचारत होते, "हे काय आहे?" आणि स्वयंसेवक मुले मल्याळममध्ये सांगत होती.

सगळेच काही मला रुचले असे नाही. काही खोल्यांत वस्तू कमी आणि भिंतीवरचा इंग्रजी मजकूर जास्त होता. कर्जाच्या अर्जाला जोडलेले प्रकल्प अहवाल मला आठवले. जितका धंदा कच्चा, तितका अहवाल जाड.

पैशाचे गणित मात्र जुन्या सवयीने विचारलेच. येथे चित्रे विकायला नसतात, त्यामुळे विक्रीचे उत्पन्न नाही. केरळ सरकारचे अनुदान, देणगीदार, कंपन्या, परदेशी संस्था आणि तिकीट. ते तेव्हा शंभर रुपये होते. सोमवारी मोफत असे. अशा ताळेबंदावर मी कर्ज दिले नसते. आणि ओढाताण दिसतेच. पहिल्याच वेळी सरकारी पैशावरून वादळ झाले होते. पुढे २०२२ साली तर १२ डिसेंबरचा मुहूर्त ऐनवेळी चुकला. आमंत्रित येऊन दाखल झालेले आणि दालने अपुरी. मुख्य प्रदर्शन २३ तारखेला उघडले आणि सहभागी कलावंतांनीच कारभारावर जाहीर पत्र लिहिले. खासगी न्यासाने एवढा मोठा सार्वजनिक सोहळा अंगावर घेतला, की त्याचे हिशेबही सार्वजनिक होतात. ते योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी मी मट्टांचेरीच्या गल्लीत गेलो. माझ्या ओळखीच्या वखारींपैकी काहींत पुराण्या वस्तूंची दुकाने झाली होती, काही बंद होत्या. एका वखारीत कलाशाळांच्या विद्यार्थ्यांचे स्वतंत्र बिनाले भरले होते. कुठल्याकुठल्या गावच्या सरकारी कलाशाळांतली पोरे, हातभर दाढ्या वाढवून, आपल्या कामाशेजारी पहाऱ्याला बसली होती. बायको म्हणाली, "पहारेकऱ्याची चौकशी करायला आला आहात ना? मग करा." तिला सगळे ठाऊक होते.

चहाच्या टपरीवर विचारले, तिथून देवळामागच्या आळीत गेलो. अण्णा होते. सत्तरी ओलांडलेले, वाळलेले, एका डोळ्याला कमी दिसणारे. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला; मग आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी बिनालेचे काढले. त्यांनी विचारले, "बिनाले म्हणजे ते इस्पितळात गाणारे लोक ना?"

मला आधी कळले नाही. मग उलगडा झाला. २०१४ पासून फाउंडेशनने एर्नाकुलमच्या सरकारी इस्पितळात दर बुधवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. कोचीचे लाडके गायक मेहबूब यांच्या नावाचा एक वाद्यवृंद त्यात साथीला असे. अण्णांची बायको शेवटच्या आजारात तिथे होती. खाटेवरून तिला ऐकू यायचे. एकदा तिने एक जुने सिनेमातले गाणे ओळखले होते. एवढेच अण्णांचे बिनाले. घरापासून मैलभर अंतरावर भरलेल्या प्रदर्शनात ते कधी गेले नव्हते. "ते मोठ्या लोकांचे," ते म्हणाले.

तो रविवार होता. मी म्हटले, "उद्या सोमवार. फुकट आहे. माझ्याबरोबर चला."

सोमवारी आम्ही रिक्षाने अ‍ॅस्पिनवॉलला गेलो. अण्णा चित्रांकडे कमी आणि छपराच्या वाशांकडे जास्त पाहत होते. फरशीवर टाच आपटून ओल बघत. अंगणात स्लोव्हेनियाचे कवी आलेश श्तेगर यांनी एक पिरॅमिड उभारला होता. बाहेरून शेणाने सारवलेला. आत काळोखी वाट, आणि त्या काळोखात देशोधडीला लागलेल्या कवींच्या कविता ऐकू येत : ओव्हिड, ब्रेख्त, दरवीश. अण्णांनी सारवण चाचपले, ढिगाला एक फेरी मारली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "आत पोकळ?"

"पोकळ," मी म्हटले.

आम्ही आत गेलो. काही दिसत नव्हते. अण्णांनी माझे मनगट धरले होते. कुठल्या भाषेत कोण बोलतो आहे ते आम्हा दोघांनाही कळत नव्हते. ते मध्येच थांबून लक्ष देऊन ऐकत. बाहेर आल्यावर म्हणाले, की हे लोक फार दिवस आत राहिलेले वाटतात.

पुढच्या वखारीत चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी समुद्राचे पाणी भरले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्या पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचे, आणि तेथला मजकूर वाचायचा. २०१५ साली समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या आलान कुर्दी या सीरियन बालकाचे छायाचित्र जगाने पाहिले. त्याच होडीत त्याचा थोरला भाऊ गालिप बुडाला. त्याचे तसे छायाचित्र नाही. हे सारे त्या गालिपसाठी. झुरिता स्वतः १९७३ मध्ये लष्करी राजवटीच्या कैदेत एका जहाजावर होते.

अण्णा पाण्यात उतरले नाहीत. समुद्राचे पाणी बघायला आत कशाला जायचे, असे म्हणून दाराशी बसले. मी गेलो, वाचले, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. पाठीमागून शाळेच्या मुली पाणी तुडवत येत होत्या. सुरुवातीला खिदळत होत्या, भिंतीपाशी येता येता गप्प झाल्या.

बाहेर आलो तर अण्णा माझ्या चपला मांडीजवळ घेऊन बसले होते. मी शेजारी टेकलो. ओल्या पायांना चपला चढेनात.

"अण्णा," मी म्हटले, "त्या वेळी मेमोच्या उत्तरात मी लिहिले होते, की तुम्ही मला काही सांगितले नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला वाचून दाखवले होते."

मग आम्ही समोरून जाणारी एक मोठी बोट पाहत बसलो. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी विचारले, "कमी किती भरली?"

"काय?"

"पोती. मला कोणी आकडा सांगितलाच नाही."

तो आकडा मी विसरणे शक्य नव्हते. "एकशे चौऱ्याण्णव."

अण्णांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत हिशेब केला. लांबी, रुंदी, उंची. मग मान हलवली.

"मी घरी बायकोला दोनशे म्हटले होते," ते म्हणाले आणि माझ्या चपला माझ्या हातात दिल्या.