ढोलीतला संसार

बुलढाण्याहून खामगावला निघालात की बोथ्याचा घाट लागतो. हे ज्ञानगंगा अभयारण्याचे रान. एप्रिलात साग उघडाबोडका झालेला असतो. अशा भर उन्हात एखाद्या उंबरातून कर्कश किंकाळी उठते. आपण घार समजून आभाळाकडे बघतो, तर वर कोणीच नसते! आवाजाचा मालक फांदीवर बसून उंबरे खात असतो. राखी रंग, लांब शेपटी, बाकदार थोराड चोच आणि चोचीवर छोटेसे शिंग. हा धनेश.

धनेशाचे थोरले भाऊबंद सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात राहतात. कोकणात तर महाधनेशाला ‘गरुड’च म्हणतात. आपल्या कोरड्या मुलखात मात्र हा दोन फुटी राखी धनेश रमला आहे. वड, पिंपळ, उंबर ही त्याची अन्नछत्रे. फळातूनच त्याची बरीचशी तहान भागते. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो आणि नकळत रानाची पेरणी करतो.

त्याचा संसार मात्र जगावेगळा. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठेने दार लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. आत अंडी घालून ती उबवते. याच काळात तिची पिसे गळतात, त्यामुळे उडण्याची सोय नाही. नर दिवसभर फळे आणून फटीतून भरवतो. पिल्ले वाढतात, मादीला नवी पिसे येतात, तेव्हाच ती भिंत फुटते. तोवर सारी भिस्त एका बापावर आणि एका झाडावर!

यातली मेख झाडात आहे. धनेशाला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून आपोआप झालेली पोकळी त्याला लागते आणि ती व्हायला कित्येक वर्षे जातात. आपण मात्र पोकळ झाड दिसले की ‘आता याचा काय उपयोग?’ म्हणून कुऱ्हाड उचलतो. रस्ता रुंद करताना आधी जुना वडच जातो. बदल्यात लावलेली दहा रोपे सावली देतील, पण ढोली द्यायला आपल्या नातवंडांचा काळ उजाडेल.

ज्ञानगंगेला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण धनेश काही हद्दीत राहणारा नव्हे. तो देवळामागच्या पिंपळावर येतो, शेताच्या बांधावरही येतो. त्याच्या तेलाने सांधे बरे होतात, अशा भाबड्या समजुतीपायी त्याचा जीवही घेतला जातो. १९७२ च्या कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे.

ज्येष्ठात आपल्याकडे बायका वडाला सूत गुंडाळतात. त्याच सुमारास एखाद्या वडाच्या पोटात एक आई आपल्या जोडीदाराची वाट पाहत असू शकते. तेव्हा बांधावरचे पोकळ झाड तोडायचे ठरलेच, तर मार्च ते जून एवढे महिने थांबा. सकाळी घटकाभर लांबून नजर ठेवा. चोचीत फळ घेऊन कोणी त्या खोडाशी येते का, ते पाहा. येत असेल, तर त्या घरात माणसे राहतात असे समजून कुऱ्हाड परत टांगून ठेवा.