कामावर छळ झाला, तर दाद कुठे मागायची?

कांजूरमार्गच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत मोठी ऑफिसं आहेत, तसे चार-सहा जणांचे गाळेही. २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा दोन्हींना लागू होतो. कंत्राटी, रोजंदारीवरच्या, शिकाऊ आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही त्याचं संरक्षण आहे. कंपनीने दिलेली बससुद्धा कामाची जागाच.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील, तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नसल्यास मालकाला ५० हजारांपर्यंत दंड होतो. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल, तर लिहायला मदत करणं समितीचं काम. सहा प्रती, साक्षीदारांची नावं, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. समेट हवा असेल तर तक्रारदारानेच मागायचा, आणि तोही पैशांवर नाही.

पोलिसांत तक्रार करण्याचा मार्ग वेगळा खुला असतोच. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही.