चालत्या आज्ञावलीची तपासणी

माण तालुक्यांत विहिरींवर मोटा चालत त्या काळीं पाण्याचें खरें कौशल्य मोट हांकणाऱ्यापेक्षां दारें धरणाऱ्याच्या अंगीं असे. बैल धांवेवर चालतच राहत. तो मात्र पाटाच्या कडेनें फिरून कोणता वाफा भरला हें पाही आणि खोऱ्यानें माती ओढून पाणी दुसरीकडे वळवी. त्यासाठीं मोट थांबविण्याचें कारण पडत नसे.

संगणकाच्या बाबतींत हीच गोष्ट अवघड होते. त्यास करावयाच्या कामाचा जो लेखी क्रम देतात, ती आज्ञावली. चालू असतांना ती असंख्य आंकडे स्मरणांत बाळगते. ती तिची स्थिति होय. पंधरा दिवस सुरळीत चाललेली आज्ञावली एके रात्रीं अडली, तर कारण बहुधा त्या स्थितींतच दडलेलें असतें. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें कीं काम सुरू होतें खरें, पण पुरावाही पुसला जातो.

पायथन या भाषेंत लिहिलेल्या चालत्या आज्ञावलींत बाहेरून हात घालणें पूर्वीं जोखमीचें असे. ती एखादी नोंद अर्धवट बदलीत असतांनाच हात आंत गेला, तर सारेंच कोसळे. ऑक्टोबर २०२५ मध्यें निघालेल्या ३.१४ या आवृत्तींत यावर मोठा सुरेख तोडगा आहे. जाळ्यावरून त्या यंत्रांत रीतसर प्रवेश मिळविलेला मनुष्य आज्ञावलीसाठीं जणूं एक चिठ्ठी ठेवतो. आज्ञावली सुरक्षित टप्प्यावर आली कीं स्वतःच ती वाचते आणि तींतील हुकूम पाळते.

दुसरी रीत अशी कीं, आज्ञावली लिहितांनाच तिला खिडक्या ठेवावयाच्या. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रास दूरनियंत्रणाचा अनुभव जुना आहे; नारायणगांवाजवळ खोडद येथें त्याच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरवर पसरलेल्या आहेत. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथें उभारल्या जात असलेल्या 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या दुर्बिणीच्या नियंत्रणाच्या कामांतही या केंद्राचा मोठा वांटा आहे. तेथें 'टँगो' नांवाच्या पद्धतीनें, पुष्कळशा पायथनमध्येंच, लिहिलेली प्रत्येक भागाची आज्ञावली विचारणाऱ्यास आपली स्थिति सांगते: चालू, बंद, बिघडलेली. हुकूम मात्र ठरलेलेच स्वीकारते.

मोठ्या यंत्रसामग्रीस हीच रीत बरी. चिठ्ठीच्या रीतींत हुकुमांस सीमाच नसते. चिठ्ठी ठेवण्याची मुभा ज्यास मिळाली तो आज्ञावलीचा धनीच झाला. म्हणून ती मुभा मोजक्यांसच देतात, आणि नको असल्यास ही वाट आरंभींच बंद करतां येते. आणखी एक अडचण अशी कीं, असा बदल बहुधा स्मरणापुरताच असतो, मूळ लेखांत उतरत नाहीं. रात्रपाळीच्या माणसानें आंकडा सुधारला पण वहींत टिपला नाहीं, आणि पहांटे वीज जाऊन यंत्र पुन्हां सुरू झालें, तर जुनी चूक परत येते; सकाळीं कामावर येणाऱ्यास रात्रीं काय घडलें याचा मागमूसही लागत नाहीं.