बुटकी स्पोर्ट्स कार ट्रेलरवर चढवायची? आधी मोबाईलवर कोन मोजा

मुंब्रा बायपासवर किंवा कल्याण-शीळ रोडवर फ्लॅटबेडवर बसून चाललेली एखादी स्पोर्ट्स कार तुम्ही पाहिली असेल. 'एवढी भारी गाडी आणि ट्रकवर?' असं वाटतं. पण गाडी बंद पडली असेल, किंवा खड्डे आणि घरगुती स्पीडब्रेकर टाळायचे असतील, तर हाच शहाणा मार्ग. मात्र खरा धोका प्रवासात कमी आणि गाडी वर चढवताना जास्त असतो. पुढचा बंपर फुटतो तो पहिल्या दोन फुटांतच. तो का फुटतो आणि खिशातल्या फोनने ते आधीच कसं ओळखायचं, ते आज समजून घेऊया.

ग्राउंड क्लिअरन्स पुरेसा का नाही?

डीसी अवंतीचं उदाहरण घ्या. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने ही कार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली. तिचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, म्हणजे साध्या हॅचबॅकच्या तोडीचा. पण हा आकडा फक्त जमिनीपासूनची उंची सांगतो. नाक चाकाच्या किती पुढे आलंय, हे तो सांगत नाही. चढावर नाक आधी पोहोचतं, चाक नंतर. म्हणून उंचीपेक्षा कोन महत्त्वाचा.

दोन कोन लक्षात ठेवा. पहिला अप्रोच अँगल: पुढचं चाक जमिनीला टेकतं तिथपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी जो कोन करते तो. दुसरा ब्रेकओव्हर अँगल: पुढची चाकं चढ संपवून सपाटीवर आली आणि मागची अजून चढावरच आहेत, तेव्हा गाडीचं पोट कडेवर टेकायच्या आधी जेवढा कोन चालतो तो.

कोन काढायची सोपी युक्ती: उंची भागिले लांबी गुणिले ५७. लहान कोनांना हे उत्तर अगदी जवळचं येतं.

खरे आकडे

माझ्या मित्राची जुनी दोन सीटर कार घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतून डोंबिवली एमआयडीसीतल्या एका गॅरेजला न्यायची होती. आधी एकदा एका टोइंगवाल्याने तिच्या बंपरला तडा घालून ठेवला होता आणि तसा बंपर आता सहज मिळत नाही. त्यामुळे या वेळी आम्ही टेप घेऊनच बसलो.

बंपरची कड जमिनीपासून १२ सेंमी, चाकाच्या टेकण्यापासून ८० सेंमी पुढे. १२ भागिले ८० गुणिले ५७ म्हणजे साधारण साडेआठ अंश. दोन चाकांमधलं अंतर २४५ सेंमी (पोर्शे ९११ चंही एवढंच असतं) आणि पोटाखाली १२ सेंमी, त्यावरून ब्रेकओव्हर अँगल साधारण ११ अंश.

आता ट्रेलर बघा. डेक ४५ सेंमी उंच आणि रॅम्प १८० सेंमी लांब असेल, तर चढ १४ अंशांच्या वर जातो. नाक खाली घासणार आणि त्यातून वाचलं तर वर पोट अडकणार. काही महागड्या गाड्यांत नाक उचलायचं बटण असतं. त्याने नाक ४ सेंमी वर गेलं तरी आपला कोन ११ अंशांपर्यंतच पोहोचतो. म्हणजे बटणही पुरत नाही.

झुकणारी बेड असलेला फ्लॅटबेड इथे बरा. गाडी पूर्ण वर आल्यावरच बेड सपाट होते, त्यामुळे पोट अडकायचा प्रश्न येत नाही. उरतो फक्त पहिला कोन. १ मीटर उंचीची बेड ४ मीटर लांब असेल तर चढ १४ अंश, साडेपाच मीटर असेल तर साडेदहा. एका टोइंगवाल्याचं उत्तर होतं, 'होऊन जाईल साहेब.' त्याची बेड ४ मीटरची निघाली, म्हणून आम्ही लांब बेडवाला शोधला.

पण साडेदहा अंशही साडेआठपेक्षा जास्तच! इथे लाकडी फळ्या कामाला येतात. प्रत्येक चाकाच्या वाटेत दोन मीटर लांब, जाड फळी अशी ठेवायची की तिचं वरचं टोक बेडवर टेकेल, आणि मधे खालून आधार द्यायचा. गाडी आधी साडेपाच अंश चढते, मग उरलेले पाच. एक मोठा कोन दोन लहान कोनांत मोडला की नाक सुटतं.

फोन कोन कसा मोजतो?

फोनमधला ॲक्सेलरोमीटर हाच स्क्रीन आडवी-उभी करतो. चिपमध्ये एक अतिसूक्ष्म वस्तुमान लवचिक पट्ट्यांवर टांगलेलं असतं. फोन कलला की गुरुत्वाकर्षणाने ते किंचित सरकतं आणि त्या सरकण्यावरून कोन निघतो. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल आहे. अँड्रॉइडवर तसं ॲप मिळतं.

वापरताना तीन गोष्टी पाळा:

१. फोन पाठीवर झोपवू नका, लांब कडेवर उभा ठेवा. कॅमेऱ्याचा ३ मिमी उंचवटा १५ सेंमी लांबीत एक अंशाची चूक घालतो. कव्हरही काढा.

२. एकदा मोजून फोन उलट दिशेला फिरवा, पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. सेन्सरची स्वतःची चूक कटते.

३. रस्त्याचा उतारही मोजा. आपल्याला हवा तो रस्ता आणि बेड यांच्यातला फरक.

वर चढल्यावर

विंचचा हूक गाडीच्या टो-हूकलाच लावा. बऱ्याच युरोपियन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा फिरत नाही म्हणून जोर लावू नका. रॅचेट बेल्ट टायरवरून बांधा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं राहतं. युरोपीय मानकानुसार बांधणीने पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर सहन करायला हवा: १४०० किलोच्या गाडीला ११२० किलो. इलेक्ट्रिक कार असेल तर चारही चाकं वर हवीत. चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि नुकसान होऊ शकतं.

निघण्याआधी ट्रकचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा आणि फिटनेस तपासा. जड वाहनांच्या बंदीच्या वेळा ठाणे वाहतूक पोलिसांकडून बघून घ्या. कल्याण-डोंबिवलीही त्यांच्याच हद्दीत येतं. पोडियम पार्किंगमध्ये फ्लॅटबेड सहसा शिरत नाही, म्हणून बाहेर पंधरा-सोळा मीटर सरळ जागा आधीच हेरून ठेवा.

आणि बुकिंग करताना भाड्याच्या आधी तीन प्रश्न विचारा: बेड किती लांब? झुकते का? फळ्या आहेत का? ज्याला आकडे सांगता येत नाहीत, त्याला बेडचा बाजूने काढलेला फोटो मागा. तोही मिळाला नाही, तर दुसऱ्याला फोन लावा.